कारखान्याच्या घड्याळात दडलेले वीजबिल

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ येते आणि तेथून सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका सुरू होतो. एकेकाळी ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू शेतीसाठी आणि लोणंदच्या कांदाबाजारासाठी ओळखला जाणारा हा तालुका गेल्या काही दशकांत उद्योगांचा झाला आहे. शिरवळ, विंग, केसुर्डी, खंडाळा आणि लोणंद या पट्ट्यात शीतकपाटे व कपडे धुण्याची यंत्रे, रंग, सूतगिरण्यांची यंत्रसामग्री, औषधांच्या कॅप्सूल आणि पोलाद अशी नाना प्रकारची उत्पादने तयार होतात. गोदरेजचा शिरवळ येथील कारखाना आणि एशियन पेंट्सचा २०१३ मध्ये वर्षाला तीन लाख किलोलिटर क्षमतेने सुरू झालेला रंगांचा कारखाना ही त्यांतील ठळक नावे. या मोठ्या नावांच्या आजूबाजूला सुटे भाग, ओतकाम, हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंग अशी कामे करणारे लघुउद्योगही असतात.

या सर्वांना जोडणारा एक समान प्रश्न आहे, तो विजेचा. वीजबचत म्हटली की जुनी मोटर बदलणे, एलईडी दिवे लावणे, छतावर सौर पॅनेल बसवणे या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. त्या उपयुक्त आहेतच. मात्र त्यांना भांडवल लागते. विजेवरचा खर्च आणि बऱ्याचदा प्रत्यक्ष वापरही कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि त्यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. कोणते काम, कोणत्या यंत्रावर, कोणत्या क्रमाने आणि किती वाजता करायचे, याचा फेरविचार करणे हा तो मार्ग. उत्पादन अभियांत्रिकीत याला ऊर्जाकार्यक्षम उत्पादन नियोजन म्हणतात.

वेळापत्रकात वीज कोठून आली?

कोणत्याही कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगचे काम पाहणारा अधिकारी रोज एक तक्ता तयार करतो. ग्राहकाला माल केव्हा द्यायचा आहे, कच्चा माल केव्हा येणार, कोणते यंत्र दुरुस्तीसाठी बंद आहे आणि किती कामगार हजर आहेत, हे पाहून तो कामे वाटतो. या तक्त्यात वेळेला, मालाला आणि मजुरीला जागा असते. विजेला बहुधा नसते. विजेचे बिल महिन्याच्या अखेरीस लेखा विभागात येते, तेथून ते देखभाल विभागाकडे जाते आणि बिल का वाढले याचे उत्तर तेथील विद्युत अभियंत्याला द्यावे लागते. प्रत्यक्षात बिलाचा मोठा भाग तक्ता लिहिला गेला तेव्हाच ठरलेला असतो.

त्याचे कारण वीज आकारणीच्या पद्धतीत आहे. औद्योगिक ग्राहकाने किती युनिट वापरले एवढ्यावरच बिल थांबत नाही. ते युनिट दिवसाच्या कोणत्या वेळी वापरले आणि एका वेळी जास्तीत जास्त किती भार घेतला, याचाही हिशेब होतो. म्हणजे तेवढाच माल, तेवढ्याच युनिटांत तयार करणाऱ्या दोन कारखान्यांची बिले वेगळी असू शकतात.

रात्रीची स्वस्ताई दिवसाकडे

वेळेनुसार बदलणारा वीजदर, ज्याला टीओडी दर म्हणतात, महाराष्ट्रातील उद्योगांना नवा नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशांनुसार महावितरणच्या औद्योगिक ग्राहकांना जून २०२५ पर्यंत अनेक वर्षे एक ठरावीक रचना लागू होती. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत प्रतियुनिट दीड रुपया सवलत, सकाळी ९ ते दुपारी १२ या वेळेत ८० पैसे जादा आणि सायंकाळी ६ ते रात्री १० या वेळेत १ रुपया १० पैसे जादा, अशी ती रचना होती. उरलेल्या वेळेत मूळ दर लागू असे.

या रचनेचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका फाउंड्रीत रोज १० टन लोखंड विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवले जाते आणि टनामागे ६०० युनिट लागतात. म्हणजे रोजचे ६,००० युनिट. हे काम सायंकाळी ६ ते १० या वेळेत केले तर ६,६०० रुपये जादा पडत. तेच रात्री १० नंतर केले तर ९,००० रुपये सवलत मिळे. दोन्हींतील फरक एका दिवसाला १५,६०० रुपयांचा. भट्टी तीच, धातू तोच आणि युनिटही तेवढेच. बदलले ते फक्त घड्याळ. साहजिकच भट्ट्या चालवणाऱ्या उद्योगांनी रात्रपाळीवर आपले गणित बसवले.

मात्र २०२५ मध्ये हे गणित उलटले. १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या रचनेत रात्रीची सवलत गेली आणि सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत सवलत आली. सायंकाळी ५ ते मध्यरात्री या वेळेवर अधिभार आला. यामागे केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत केलेली दुरुस्ती आहे. राज्य आयोगाने ठरवलेल्या दिवसातील आठ ‘सौर तासां’त दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांसाठी जास्त मागणीच्या तासांतील दर नेहमीच्या किमान १.२ पट असावा, असे ती दुरुस्ती सांगते.

हा बदल लहरीपणाचा नव्हता. पूर्वी औष्णिक केंद्रे रात्रीही चालू ठेवावी लागत आणि मागणी मात्र कमी असे. म्हणून रात्री वीज वापरणाऱ्याला बक्षीस मिळे. आता सौरऊर्जेची क्षमता वाढल्याने दुपारी वीज मुबलक होते. सूर्य मावळताच ती नाहीशी होते आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे आणि दूरचित्रवाणी संच सुरू होतात.

संध्याकाळच्या या चढावर मात करण्यासाठी राज्याला ज्या केंद्राचा मोठा आधार आहे, ते खंडाळ्याच्याच जिल्ह्यातील पाण्यावर चालते. पाटण तालुक्यातील कोयना धरणाच्या पाण्यावरील जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. त्यातील चौथा टप्पाच १,००० मेगावॅटचा असून तो प्रामुख्याने जास्त मागणीच्या तासांसाठी उभारला गेला. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू करता येतो. कोळशावरील संचाला ते जमत नाही. परंतु कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीसाठी वापरायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे संध्याकाळी वापरलेला युनिट आणि दुपारी वापरलेला युनिट दिसायला सारखे असले तरी राज्याच्या दृष्टीने त्यांची किंमत सारखी नाही. कारखान्याच्या बिलातील अधिभार ही त्या फरकाचीच पावती होय.

अर्ध्या तासाची चूक, महिन्याचा भुर्दंड

बिलातील दुसरा घटक उच्चतम मागणीचा. वीज कंपनीला ग्राहकाच्या सर्वाधिक भाराएवढी क्षमता रोहित्रात, वाहिनीत आणि निर्मितीत राखून ठेवावी लागते. म्हणून मोठ्या ग्राहकाकडून केव्हीएच्या हिशेबाने मागणी आकार घेतला जातो. महाराष्ट्रातील वीजदर आदेशांच्या व्याख्येनुसार सलग ३० मिनिटांच्या खंडात जेवढी वीज घेतली जाते, त्यातील सर्वाधिक आकड्याची दुप्पट म्हणजे उच्चतम मागणी. महिन्यात असे सुमारे १,४४० अर्धे तास असतात. त्यांतील एकच अर्धा तास बेसावध गेला, तरी त्याचा आकडा संपूर्ण महिन्याच्या बिलावर उमटतो. आधीच्या ११ महिन्यांतील सर्वाधिक मागणीही आकारणीत विचारात घेतली जात असल्याने या चुकीची सावली पुढेही लांबते.

असा अर्धा तास बहुधा पाळी सुरू होताना येतो. समजा, हीट ट्रीटमेंटच्या एका कारखान्यात तीन भट्ट्या आहेत. प्रत्येक भट्टी तापताना तासभर २०० किलोवॅट घेते आणि तापल्यावर तापमान राखण्यासाठी ८० किलोवॅट पुरतात. सकाळी ७ वाजता पहिल्या पाळीचा चालक आला आणि त्याने तिन्ही कळा एकदम दाबल्या, तर भार ६०० किलोवॅटवर जातो. त्याऐवजी भट्ट्या तासातासाच्या अंतराने सुरू केल्या, तर तिसरी तापत असताना पहिल्या दोन ८०-८० किलोवॅटवर आलेल्या असतात आणि सर्वाधिक भार ३६० किलोवॅट राहतो. फरक २४० किलोवॅटचा. मागणी आकार केव्हीएमागे दरमहा ५०० रुपये धरला आणि शक्तिगुणक एकच्या जवळ असला, तर हा फरक महिन्याला १ लाख २० हजार रुपयांचा होतो. त्यासाठी करायचे काय? भट्ट्यांवरचा माल तासातासाने पुढे सरकेल असा तक्ता लिहायचा आणि तो भट्टीशेजारी लावायचा.

स्वस्त वीज आणि कमी वीज

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. काम एका वेळेतून दुसऱ्या वेळेत नेल्याने बिल घटते, पण युनिट घटत नाहीत. भट्ट्या टप्प्याटप्प्याने सुरू केल्यानेही युनिट तेवढेच राहतात. वेळापत्रकातून प्रत्यक्ष वीज वाचवायची असेल, तर यंत्रे काही न करता किती वीज खातात हे पाहावे लागते.

हा आकडा अनेकांना चकित करणारा असतो. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक टिमोथी गुटोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या व एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटार उद्योगातील यंत्रांची जी माहिती मांडली, तीनुसार एका स्वयंचलित यंत्ररांगेत प्रत्यक्ष धातू कापण्यासाठी एकूण ऊर्जेच्या १५ टक्क्यांहूनही कमी ऊर्जा लागत होती. उरलेली ऊर्जा शीतकाचे पंप, हायड्रॉलिक, पंखे आणि नियंत्रण यंत्रणा यांत जात होती. काम चालू असो वा नसो, ती जातच राहते. सीएनसी यंत्र पुढच्या कामाची वाट पाहत उभे असले तरी मीटर फिरतच असतो.

मग यंत्र बंद करावे का? त्याला एक साधा नियम आहे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्यास लागणारी वीज भागिले रिकामे असताना दर तासाला लागणारी वीज. उत्तर येईल तेवढ्या वेळेपेक्षा जास्त काळ यंत्र रिकामे राहणार असेल तर ते बंद करावे. समजा, पुन्हा सुरू करून योग्य तापमानाला आणण्यास २ युनिट लागतात आणि रिकामे यंत्र ताशी ६ युनिट खाते. म्हणजे मर्यादा २० मिनिटांची. विचिटा स्टेट विद्यापीठातील जील मूझों आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या विचाराला शास्त्रीय नियोजनाचे रूप दिले. मात्र हा नियम वापरायचा, तर पुढचे काम केव्हा येणार हे यंत्रचालकाला ठाऊक हवे. तक्ता विश्वासार्ह नसेल तर कोणीही यंत्र बंद करणार नाही. शिवाय ज्या यंत्रामुळे सगळा माल अडतो, त्या यंत्राला हा नियम लावताना फार जपून राहावे लागते; तेथे वाचलेल्या दोन युनिटांपेक्षा गमावलेली दहा मिनिटे महाग पडतात.

हवेचा कॉम्प्रेसर हे आणखी एक उदाहरण. लोड नसताना नुसता फिरणारा स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण भाराच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वीज घेतो. रात्रपाळीत एका कोपऱ्यातील दोन यंत्रांसाठी संपूर्ण कारखान्याच्या हवावाहिनीत दाब ठेवला जातो आणि गळक्या सांध्यांतून ती हवा निसटत राहते. अशी तुटक कामे एकत्र करून आठवड्यातील दोन रात्री पूर्ण चालवणे आणि उरलेल्या रात्री कॉम्प्रेसर बंद ठेवणे, हा नियोजनाचा निर्णय आहे; देखभालीचा नव्हे.

क्रमाचे महत्त्व

कामांचा क्रमही वीज ठरवतो. रंगाच्या उद्योगात फिकट छटेकडून गडद छटेकडे जाण्याचा प्रघात आहे. पांढऱ्यानंतर पिवळसर, मग लाल आणि शेवटी काळा असा क्रम ठेवला तर दोन घाण्यांच्या मध्ये टाकी धुण्याचे काम हलके राहते. काळ्यानंतर पांढरा घ्यायचा तर टाकी, नळ आणि गाळण्या पूर्ण स्वच्छ कराव्या लागतात. त्यात पाणी किंवा द्रावक, पंपांची वीज आणि वेळ तिन्ही जातात.

पावडर कोटिंगच्या भट्टीची गोष्ट वेगळी. रंग पक्का करण्यासाठी ती साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसवर ठेवतात. जेवणाच्या सुट्टीत कन्व्हेयर थांबतो, पण भट्टी तापलेलीच राहते. कामगारांच्या सुट्ट्या दोन गटांत पुढे-मागे ठेवल्या तर कन्व्हेयर चालू राहतो आणि तीच उष्णता मालाला लागते. अर्धी भरलेली भट्टी चालवण्याऐवजी एकाच तापमानाचे दोन ग्राहकांचे काम एकत्र घेणे, हाही असाच उपाय.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावपासून बेळगावपर्यंत पसरलेल्या ओतकाम उद्योगात भट्टी आणि साचे यांचा मेळ हा कळीचा मुद्दा ठरतो. धातू वितळून तयार आहे आणि साचे तयार नाहीत, अशी वेळ आली की वितळलेला धातू तापवत ठेवावा लागतो. त्या प्रत्येक मिनिटाला वीज जाते आणि धातूची रासायनिक घडणही बिघडू लागते. त्यातून ओतकाम नाकारले गेले तर ते पुन्हा वितळवावे लागते. टनामागे ६०० युनिट पुन्हा मोजायचे म्हटल्यावर टीओडीची सवलत केव्हाच संपून जाते.

संगणक किती उपयोगी?

एकाच यंत्रावर १० कामे करायची असतील, तर त्यांचे ३६ लाख २८ हजार ८०० वेगवेगळे क्रम लावता येतात. यंत्रे वाढली की ही संख्या आवाक्याबाहेर जाते. दोन यंत्रांवरील कामे कमीत कमी वेळेत संपवण्याचा अचूक नियम एस. एम. जॉन्सन यांनी १९५४ मध्ये दिला; परंतु तीन किंवा अधिक यंत्रांच्या सर्वसाधारण प्रश्नाला असा झटपट नियम सापडलेला नाही. त्यात वेळ, वीजदर आणि उच्चतम मागणी ही तिन्ही उद्दिष्टे आणली तर ती एकमेकांशी भांडू लागतात. सर्वांत कमी विजेचे वेळापत्रक बहुधा सर्वांत लवकर माल देणारे नसते.

म्हणूनच संगणकीय प्रणाली सर्वोत्तम उत्तराऐवजी पुरेसे चांगले उत्तर शोधतात आणि काही पर्याय व्यवस्थापकापुढे ठेवतात. मोठ्या कारखान्यांत यंत्रागणिक मीटर आणि अशी प्रणाली असणे शक्य आहे. दहा-बारा यंत्रांच्या लघुउद्योजकाला मात्र साधी स्प्रेडशीट आणि भिंतीवरचा फळा यांतूनही बरेच साधता येते. वीजदराची रचना एका रात्रीत उलटू शकते, हे २०२५ ने दाखवले आहे. तेव्हा एखादे वेळापत्रक कायमचे बसवण्यापेक्षा दर बदलताच ते पुन्हा मांडता येण्याची सवय अधिक मोलाची.

माणसाचेही वेळापत्रक

या साऱ्या गणितात एक घटक असा आहे, की जो किलोवॅटमध्ये मोजता येत नाही. पाळीची वेळ बदलते तेव्हा कामगाराचे घर बदलते. खंडाळा तालुक्यातील कारखान्यांत वाई, भोर, फलटण या शेजारच्या तालुक्यांतूनही कामगार येऊ शकतात. कोणाला कंपनीची बस मिळते, कोणी दुचाकीवर खंबाटकी घाट ओलांडतो. पाळी रात्री १० ऐवजी मध्यरात्री सुटली तर बिलातील अधिभाराचे काही तास टळत नाहीतच, उलट परतीचा प्रवास मात्र धोक्याचा होतो. रात्रपाळीत झोपेचे चक्र बिघडते, चुका आणि अपघातांची शक्यता वाढते, ही बाब वैद्यकशास्त्राने मान्य केलेली आहे.

या दृष्टीने पाहता दिवसाची वीज स्वस्त होणे कामगारांच्या हिताचे ठरू शकते. ज्या भट्ट्या केवळ दीड रुपयाच्या सवलतीसाठी रात्री पेटत होत्या, त्या आता दिवसा पेटवण्याला आर्थिक कारण मिळाले आहे. मात्र हे सर्वांना साधणारे नाही. तीन पाळ्यांत अखंड चालणाऱ्या उद्योगाला काम हलवायला जागाच नसते. त्याच्या वाट्याला संध्याकाळचा अधिभार येतोच आणि रात्रीची सवलतही जाते. ज्यांनी रात्रीच्या सवलतीवर भाव ठरवून पुरवठ्याचे करार केले, त्यांची अडचण खरी आहे. दुसरीकडे, सगळे काम दिवसात कोंबण्यासाठी जादा तास लावले तर कायद्यानुसार त्याचे वेतन दुप्पट द्यावे लागते. वीज, वेतन आणि विश्रांती या तिन्हींचा हिशेब एकाच कागदावर मांडला, तरच खरी बचत दिसते.

राज्याला ही कल्पना नवीन नाही. विजेच्या टंचाईच्या काळात औद्योगिक वसाहतींच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटून दिल्या गेल्या. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीची गुरुवारची सुट्टी हा त्याचाच वारसा. तेव्हा वेळापत्रक वीज नाही म्हणून बदलावे लागले होते. आता ते वीज केव्हा मुबलक आहे हे पाहून बदलायचे आहे.

सुरुवात कोठून करावी?

पहिली पायरी म्हणजे महावितरणच्या मीटरमधील अर्ध्या तासाच्या नोंदी मागवून त्यांचा आलेख काढणे. सर्वांत उंच टोक कोणत्या वारी आणि किती वाजता आले, हे त्यात दिसते. दुसरी पायरी, सर्वाधिक वीज घेणाऱ्या चार-पाच यंत्रांचा रिकामा वापर आणि पुन्हा सुरू होण्याचा खर्च मोजणे. तिसरी पायरी, हलवता येणारी आणि न हलवता येणारी कामे वेगळी करणे. भट्टी, पाण्याचे पंप, बॅटरीवरील फोर्कलिफ्टचे चार्जिंग, शीतगृह ही बहुधा पहिल्या गटात येतात. जुळणीची रांग दुसऱ्या गटात. चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी, नियोजन अधिकारी, विद्युत अभियंता, पाळीप्रमुख आणि कामगारांचे प्रतिनिधी यांना एकत्र बसवणे.

निर्यातदारांना याचे आणखी एक कारण आहे. युरोपीय संघाच्या कार्बन सीमा समायोजन यंत्रणेत लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियम या मालाच्या कार्बन उत्सर्जनाची माहिती देणे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा आला. मालामागे किती ऊर्जा लागली हा प्रश्न आता बिलापुरता उरलेला नाही.

मोटर बदलायला कर्ज लागते, सौर पॅनेलला छत लागते. वेळापत्रक बदलायला लागते ती माहिती आणि एकमेकांशी बोलण्याची तयारी. खंडाळ्यातील लहानशा शेडपासून मोठ्या प्रकल्पापर्यंत ती प्रत्येकाच्या आवाक्यात आहे. सकाळी ७ वाजता तिन्ही कळा एकदम दाबायच्या की तासातासाने, हा निर्णय चालकाच्या बोटावर न सोडता आदल्या दिवशीच्या तक्त्यात लिहिला गेला, तर वीजबचतीची सुरुवात तेथेच झालेली असेल.